दोनचा तिसरा घात

७ जून

प्रिय छोटी,

तुझं पार्सल काल संध्याकाळी पोचलं. एक पिशवी, एक उशी आणि न संपणारी बडबड. बसस्टँडवरून घरी येईपर्यंत तुझ्या लेकीनं तुझ्या भावोजींना इतके प्रश्न विचारले की त्यांनी दारातच कानाला हात लावले. तिला टिटवी म्हणायचं ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार सांग.

तिची झोपायची सोय बाहेरच्या खोलीत केली आहे. तिथे माझा शिकवणीचा फळा आहे, मुलांच्या सतरंज्या आहेत. संध्याकाळी वर्ग सुटला की सतरंज्या झटकायच्या आणि त्यांच्यावरच अंथरूण घालायचं. आतल्या खोलीत आमच्या सोन्याचं अभ्यासाचं टेबल आहे, तिथे दोघांचं जमणार नाही. वर्ग चालू असताना मला मावशी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. नाहीतर बाकीच्या पोरांना वाटतं, इथे नात्याचे गुण मिळतात.

आल्या आल्या परीक्षा घेतली. "दोनचा तिसरा घात किती?" बाईसाहेब झटकन म्हणाल्या, "सहा!" मला हसू आलं. सातवीत येणारं प्रत्येक पोर सहाच म्हणतं. वरचा आकडा गुणायचा नसतो, खालच्याला स्वतःशीच किती वेळा गुणायचं ते तो सांगतो, एवढं डोक्यात शिरायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला जन्म. सोन्या दुसऱ्या प्रकारात मोडतो, हे मी त्याची आई असून लिहिते.

आमच्या शाळेतून सातवीचं एकच मूल निवासी शाळेच्या परीक्षेला पाठवतात. तिथे निवड झाली की पुढचं सगळं शिक्षण, राहणं, जेवण त्यांच्याकडे. नाव गणिताच्या बाईंनी द्यायचं, म्हणजे मीच. आपलं-परकं करणार नाही. टिटवीला सांगितलं तर तिनं विचारलं काय, "तिथे प्रत्येकाला स्वतःचं कपाट असतं?"

तुझं ते काम कुठवर आलं? चष्मेवाल्यांनी होकार दिला का? उत्तर लिहिशील तेव्हा टिटवीच्या हातात देता येईल असं एक पान वेगळं घाल.

तुझी ताई


१६ जून

ताई,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. टिटवीचं पान वेगळं घातलंय. हे मात्र तुझ्यापाशीच ठेव.

ते हो म्हणाले! गेल्या आठवड्यात चष्म्याचं दुकान बंद करून थेट इस्पितळात आले आणि धुलाईघराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी आत चादरींना इस्त्री करत होते, घामानं नुसती निथळत. खिडकीतून खूण केली की येतेच, तर म्हणाले, "सावकाश या, मला घाई नाही." ताई, मला सावकाश ये म्हणणारं माणूस किती वर्षांत भेटलं नव्हतं. टिटवीचे बाबा गेल्यापासून जो तो मला घाईच करत आला.

घरी त्यांची आई आहे आणि दोन मुलगे. मुलांची आई वारली तेव्हा धाकटा पाळण्यात होता. थोरला सहावीत आहे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं काय करायचं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती बहिणीकडे शिकतेय, तिथेच राहणार आहे." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी पाहिलं ते. मग म्हणाले, "आईला मूलबाळ नसलेली सून हवी आहे. आपण तो विषयच काढायला नको." मी मान हलवली.

ठरवून नाही गं हलवली, हलली.

टिटवीला एवढ्यात काही कळू देऊ नकोस. मीच सांगेन, समोर बसवून, नीट.

तुझी छोटी


४ ऑगस्ट

आई,

तुझं माझं पान एवढंसंच का असतं? मावशीचं पाकीट चांगलं जाड होतं, मी हातात घेऊन बघितलं.

मला आता घातांक येतात! फळ्यावर नाही कळले, अंथरूण आवरताना कळले. चादरीची एक घडी घातली की दोन पदर. पुन्हा घडी, चार. पुन्हा घडी, आठ. तीन घड्या, आठ पदर. सहा होतच नाहीत, कितीही प्रयत्न कर. तू तर दिवसभर चादरींच्याच घड्या घालतेस, म्हणजे तुला घातांक माझ्या आधीपासून येतात. कुणाला सांगत नाहीस एवढंच.

मावशीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो फळ्याशीसुद्धा भांडतो. तो म्हणाला, पाचचा शून्य घात शून्यच असणार, काही गुणलंच नाही तर उरणार काय? मावशी म्हणाली, "एक. पाठ कर." तो ऐकेना. मग मावशी चहाला आत गेली तेव्हा मी त्याला दाखवलं. पाचचा तिसरा घात एकशे पंचवीस, दुसरा पंचवीस, पहिला पाच. खाली येताना दर वेळी पाचनं भागलं ना? मग अजून एकदा भाग. एक! वकील गप्प बसला, आई. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता मावशी मला कच्च्या मुलांपाशी बसवते. मी त्यांना वीस-वीस गणितं घालते. सगळ्यांचा घोटाळा उण्याच्या चिन्हापाशी होतो. उणे दोन कंसात असले तर चिन्हासकट चार वेळा गुणायचे, सोळा येतात. कंस नसला तर चौथा घात नुसत्या दोनचा, आणि उणं नंतर पुढे चिकटवायचं, उणे सोळा. मी त्यांना सांगते, आधी कंस बघा, मग तोंड उघडा.

सोन्या अजून तीनचा चौथा घात बारा लिहितो आणि मग रडतो. मी त्याला गुपचूप सांगते. तो वाईट नाही, फक्त घाबरतो.

निवासी शाळेत कपाट असतं, मी विचारलं. किल्लीसुद्धा आपल्याचकडे. मी गेले की पहिली किल्ली तुला पाठवीन.

तू कधी येतेस?

टिटवी


६ ऑक्टोबर

प्रिय छोटी,

तुझ्या लेकीला आवर घालायची वेळ आली आहे. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण कुठे बोलायचं आणि कुठे नाही याचा पोच नाही.

गेल्या आठवड्यात त्या भांडखोर पोराची आई दाराशी आली. मी पुढे झाले, तर माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणते, "आमच्याला शिकवते ती मुलगी कुठली हो?" माझं निम्मं आयुष्य खडू झिजवण्यात गेलं आणि माझ्याच दारात मला हे विचारतात. परवा सोन्याला फळ्यापाशी उभा केला. उणे तीन कंसात, तिसरा घात. त्यानं लिहिले उणे नऊ. मी काही म्हणायच्या आत मागून आवाज आला, "उणे सत्तावीस!" सगळा वर्ग हसला. सोन्या खडू टाकून आत गेला आणि जेवायला आला नाही.

तेव्हापासून वर्गाच्या वेळी ती स्वयंपाकघरात बसते. दार लावून घ्यावं लागतं, कारण आतून उत्तरं ओरडते.

आता मुद्द्याचं. सहामाहीत ती पहिली आली, सोन्या अकरावा. निवासी शाळेला नाव एकच जातं. मी सोन्याचं दिलं तर मुख्याध्यापक भुवया उंचावणार. तिनंच नको म्हटलं तर प्रश्नच मिटला. आणि ती नको म्हणेल ती फक्त तुझ्या सांगण्यावरून, माझ्या नव्हे.

तेवढं कर. बदल्यात टिटवीची काळजी तू सोडून दे. शिक्षण संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील, आणि चष्मेवाल्यांच्या दाराशी कुणी येऊन उभं राहणार नाही. निवासी शाळेचं तसं नसतं, छोटी. त्या शाळेला सुट्ट्या असतात. सुट्टीत मुलं आपापल्या आईकडे जातात.

तुझी ताई


१४ ऑक्टोबर

माझ्या टिटवे,

या वेळी मोठं पान लिहितेय, बघ.

तू पहिली आलीस हे मावशीनं कळवलं. मी इस्त्री तशीच ठेवून सगळ्यांना सांगत सुटले, एक उशीचा अभ्रा जळलासुद्धा.

पण मला एक सांगायचंय. ती निवासी शाळा मला नको वाटते. तू तिकडे गेलीस की पाच-सहा वर्षं तिकडचीच झालीस. आत्ताच मला घरात करमत नाही. कपाट काय, कपाट मीही देईन तुला. वार्षिक परीक्षा झाली की मी तुला इकडे घेऊन येते. इथल्या शाळेत नाव घालू. आपण दोघी राहू, पूर्वीसारख्या. तुला माझ्याजवळ यायचंय ना? मग मावशीला तूच सांग की मला परीक्षेला बसायचं नाही, सोन्याचं नाव द्या. मी सांगितलं असं म्हणू नकोस. आपल्या दोघींतलं आपल्यातच राहू दे.

आणि वर्गात तोंड बंद ठेवत जा. मावशीच्या घरात राहतेस, तिला त्रास होईल असं वागू नये.

तुझी आई


२२ ऑक्टोबर

आई, आई, आई,

सांगितलं! पत्र वाचलं आणि तशीच शाळेत मावशीच्या मागे धावले. म्हटलं, बाई, मला नाही बसायचं, सोन्याचं नाव द्या. मुख्याध्यापकही तिथेच होते. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की? कुणी सांगितलं का तुला?" मी म्हटलं, नाही, माझं मलाच. मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच.

सोन्यानं मात्र ऐकल्यावर हातपाय गाळले. म्हणाला, मी नापास होणार आणि आई मला मारणार. म्हणून मी त्याला रोज शाळेतून आल्यावर शिकवते. मावशीनंच स्वयंपाकघरातून बाहेर यायची परवानगी दिली. आधी फक्त दोनचे घात, मग तीनचे, मग दहाचे, कारण दहाचे सोपे असतात आणि त्याला जरा धीर येतो. एकावर जितका घात तितकी शून्यं. काल त्यानं वीसपैकी अठरा बरोबर सोडवली आणि मला स्वतःच्या टेबलावर बसू दिलं.

मी आल्यावर खाटेवर भिंतीकडच्या बाजूला मी झोपणार. तू कडेला. मला इकडे मधेच जाग येते आणि फळा दिसतो, आवडत नाही मला.

वर्गात मी आता अजिबात बोलत नाही. वकील विचारत होता, तुझी जीभ कुणी नेली.

वार्षिक एप्रिलमध्ये आहे. मी पिशवी आत्ताच भरून ठेवली असती, पण रोजचे कपडे त्यातच आहेत.

टिटवी


११ जानेवारी

ताई,

नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, मी आता चष्मेवाल्यांच्या घरात आहे. धुलाईघर सोडलं. खोली मोठी आहे, खिडकीत ऊन येतं. धाकटा पहिल्याच दिवशी मांडीवर येऊन बसला आणि उठेचना. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लेकरू नव्हतं ना तुम्हाला, म्हणून लगेच लळा लावलात." मी हसले. सासूबाई बघतच होत्या.

टिटवीची चार पत्रं आली, जुन्या पत्त्यावर. धुलाईघरातल्या मैत्रिणीनं आणून दिली. एकाचंही उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहू? ती दिवस मोजत बसलीय. खाटेची बाजूसुद्धा ठरवून झाली तिची. ताई, मी ते वचन तुझ्या शब्दाखातर दिलं होतं, हे विसरू नकोस. समोर बसवून सांगायचं माझ्या मनात होतं, पण इथून निघायचं तर कारण काय सांगू?

तूच सांग तिला. तू शिक्षिका आहेस, मुलांना समजावून सांगायची तुला सवय आहे.

तुझी छोटी


१८ जानेवारी

प्रिय छोटी,

नव्या संसाराला शुभेच्छा.

सांगेन, पण आत्ता नाही. सोन्याची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी आहे. टिटवी त्याच्याकडून रोज तासभर घातांक करून घेते, आणि कसं कुणास ठाऊक, तो तिचं ऐकतो. घातांकांवर निम्मे गुण असतात. आत्ता सांगितलं तर ही रडत बसेल आणि तो पुन्हा तीनचा चौथा घात बारा करेल. तुझं वचन तिला सध्या उत्साहात ठेवतंय, ते तसंच राहू दे.

मधूनमधून दोन ओळी तिला लिहीत जा. पत्र आलं की ती दुप्पट जोमानं शिकवते.

तुझी ताई


२१ एप्रिल

प्रिय छोटी,

आनंदाची बातमी आधी. सोन्याची निवड झाली. गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी. भावोजींनी अख्ख्या गल्लीला पेढे... नाही, मीच अडवलं त्यांना, दृष्ट लागायची. तयारीच्या महिन्यासाठी सोन्या परवाच निवासी शाळेत गेला. कपाटाची किल्ली गळ्यात घालून निघाला.

आणि तुझं काम केलं. तुला सगळं जसंच्या तसं कळवते.

वार्षिकचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी वर्गात मुलं बसली होती आणि टिटवी कोपऱ्यात पिशवी भरत होती. कपडे घडी करून, उशी वर बांधून. मी म्हटलं, कुठे निघालीस? म्हणाली, "आई न्यायला येणार आहे, आज किंवा उद्या." मुलांपुढे बोलायचं माझ्या मनात नव्हतं, पण तो वकील मधेच म्हणाला, "मग आम्हाला कोण शिकवणार?" आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ सांगितलं, "कुणी येणार नाहीये. तुझ्या आईनं लग्न केलंय. तिकडे दोन मुलगे आहेत. तुला तिथे जागा नाही."

रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. उशीची दोरी हातात तशीच धरून म्हणाली, "कधी केलं?" मी म्हटलं, जानेवारीत. थोडा वेळ काहीतरी जुळवत बसली. मग विचारलं, "पण ठरलं कधी?" आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, तू इथे आलीस तेव्हाच ठरत होतं. त्यावर तिनं दोरी सोडली, पिशवीतले कपडे पुन्हा काढून खुंटीला लावले. वकिलानं पाणी आणून दिलं, ती प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र शहाण्यासारखी उठली. आता आपणहून कच्च्या मुलांचा वर्ग घेते. मी संध्याकाळी जरा आडवी होते. मला खरं तर हाताखाली असं कुणीतरी हवंच होतं.

एकदाच तिनं एक विचारलं, तेही सतरंज्या झटकताना. "मी परीक्षेला बसले असते तर माझी निवड झाली असती का?" मी म्हटलं, झाली असती. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

तुझी ताई


२ मे

टिटवे,

मावशीनं मला न विचारता सगळं सांगून टाकलं. मी सांगणारच होते. तुला माझा राग आला असेल, पण तू मोठी झालीस की तुला कळेल. बाईमाणसाला एकटीनं किती दिवस काढता येतात? तुझ्या चांगल्यासाठीच मी तुला तिकडे ठेवलं. इथे सासूबाई प्रत्येक गोष्टीवर डोळा ठेवून असतात. तुझा एक फ्रॉक माझ्या पेटीत निघाला, तर मला तो धाकट्या बहिणीचा लहानपणचा म्हणून सांगावा लागला. मला धाकटी बहीणच नाही, तुला माहीतच आहे. माझे हाल तुला कळायचे नाहीत.

आता एक काम आहे आणि ते तूच करू शकतेस. इकडचा थोरला सहावीत गणितात नापास झाला, कसाबसा वर ढकललाय. सासूबाई येता-जाता म्हणतात, नवी आई आली आणि पोर नापास झालं. पुढच्या वर्षी सातवी. घातांक आत्तापासून आले नाहीत तर काही खरं नाही. मी त्यांना सांगितलं, माझी ताई शिकवते. म्हणून तो सुट्टीत तुमच्याकडे येतोय. ताईनं मला कळवलंय की ती त्याला तुझ्याच वर्गात बसवणार. जीव लावून शिकव. तो पास झाला तर या घरात माझे पाय घट्ट होतील.

त्याला आम्ही सांगितलंय की तू लांबच्या नात्यातली आहेस. तेवढं सांभाळ. तो माझ्याबद्दल बोलला तर ऐकून घे. आणि मला पत्र लिहायचं झालं तर वर मावशी लिही, सासूबाईंच्या हातात पडलं तर घोटाळा नको.

एवढं माझ्यासाठी कर. मी तुझं वाईट कधीच चिंतलं नाही.

तुझी आई


२७ मे

आई,

वर मावशी लिही म्हणालीस. मावशी मला एक आहे, तेवढी पुरे.

थोरला आला. पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून शर्टाची कॉलर चावत होता. मी विचारलं, दोनचा तिसरा घात? म्हणाला, सहा. बाकीची मुलं हसली, मी त्यांना गप्प केलं. त्याला चादर दिली आणि घड्या घालायला लावल्या. आठ पदर झाल्यावर त्यानं ते बोटानं पुन्हा पुन्हा मोजले आणि माझ्याकडे बघून हसला. चांगला आहे तो. विचारल्याशिवाय काही घेत नाही.

तू म्हणालीस म्हणून नाही, पण जीव लावूनच शिकवलं. शून्य घाताला चार दिवस गेले. उण्याच्या चिन्हाला त्याहून जास्त. तो सगळीकडे कंस आहे असंच धरायचा. मी त्याच्याकडून रोज तीस गणितं करून घेतली, चुकलेली पुन्हा. काल मावशीनं परीक्षा घेतली, एक सोडून सगळी बरोबर. मावशी म्हणाली, हा सोन्यापेक्षा लवकर शिकला. तो सातवीत नापास होणार नाही. तुझे पाय घट्ट होतील.

तो तुझ्याबद्दल पुष्कळ बोलतो. तू सकाळी त्याचा शर्ट इस्त्री करतेस आणि गरम असतानाच अंगात घालायला लावतेस. धाकट्याला ताप आला तर तू त्याला पाठीवर घेऊन घरभर फिरलीस. तो शिंकला की तू त्याला हसवतेस. मी ऐकून घेतलं.

काल परीक्षेनंतर आम्ही पायरीवर बसलो होतो. त्यानं विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

मी म्हटलं, "तुझ्या घरी."

त्याला चेष्टा वाटली. मग मी सांगितलं. धुलाईघर, बाबा गेले ते, तुझ्या पेटीतला फ्रॉक कुणाचा आहे ते. वार्षिक झाली की न्यायला येते म्हणाली होतीस ते. मी ओरडले नाही, रडले नाही, त्याला गणित सांगते तशी एकेक पायरी सांगितली. त्यानं मधे एकदाही विचारलं नाही की हे खरं कशावरून. तुझ्या डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे, तो कधी पडला तेही मी सांगितलं. त्याला तू म्हणाली होतीस, लहानपणी पडला. माझ्या शाळेच्या स्कर्टला इस्त्री करताना पडला तो.

मग तो रडला. मला वाटलं माझ्यासाठी रडतोय. पण नाही. म्हणाला, "मग ती आम्हालाही सोडून जाईल का?"

त्याची एक आई आधीच गेलीय, आई. मला त्याची दया आली. नाही जाणार म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, आणि माहीत नसताना उत्तर द्यायचं नाही असं मीच त्याला तीन आठवडे शिकवलंय. म्हणून म्हटलं, "मला माहीत नाही. घरी गेलास की तिलाच विचार. आजीसमोर विचार, म्हणजे टाळता येणार नाही." त्यानं डोळे पुसले आणि विचारेन म्हणाला. तो सांगितलेलं करतो, हे तुला एव्हाना कळलंच असेल.

तो रविवारच्या गाडीनं निघतोय. पोस्टातल्या बाई म्हणाल्या की हे पत्र तुला शनिवारी मिळेल. उत्तर तयार करायला तुझ्याकडे एक दिवस आहे. मला तेवढाही मिळाला नव्हता.

टिटवी